पूजेचा पिक्चर आणि आमचा पुठ्ठा

एखादा पिक्चर फॅमिलीबरोबर बघण्यासारखा आहे की नाही, हे ठरवण्याचा लालबागेतल्या आमच्या चाळीतला अधिकार आमच्या घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आलेला आहे. हसू नका. कुणाच्या घरात पालखीचा मान असतो, कुणाच्या घरात पहिल्या आरतीचा. आमच्या घरात पुठ्ठ्याचा आहे.

आमच्याकडे सव्वीस जानेवारीला सार्वजनिक सत्यनारायण असतो. सकाळी झेंडावंदन, दुपारी पूजा, मग शिऱ्याचा प्रसाद, आणि अंधार पडला की चौकात समोरासमोरच्या दोन गॅलऱ्यांना पडदा बांधून पिक्चर. मी लहान असताना मशीन भाड्याने यायचं, बरोबर रिळांचे डबे यायचे, आणि मशीनशेजारी स्टुलावर माझे वडील उभे राहायचे. वडील कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. हातात धोतरजोडीच्या खोक्याचं झाकण, त्यावर आईने शिवलेलं काळं कापड. पडद्यावर हिरो-हिरॉइनच्या तोंडांमध्ये वीतभर अंतर उरलं की वडील ते झाकण मशीनच्या भिंगापुढे धरायचे. चौकात काळोख. पोरांच्या शिट्ट्या, म्हाताऱ्यांचं खाकरणं, आणि मागून एखादा आवाज, “काका, हात दुखला असेल, काढा आता!”

आवाज मात्र चालूच असायचा. त्यामुळे पडद्यावर जे घडत होतं, त्याच्या दसपट चाळीच्या डोक्यात घडायचं. हा दोष मी दहाव्या वर्षी वडिलांना दाखवून दिला होता, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढची दहा वर्षं मी दुसरा कुठला दोष दाखवला नाही.

वडिलांचं शास्त्र पक्कं होतं. खुनाला पुठ्ठा नाही. “खून बघून पोर घाबरतं,” ते म्हणायचे, “म्हणजे शिकत नाही. ते दुसरं बघून घाबरत नाही.” दरोडा चालेल, चाकू चालेल, बँकेच्या तिजोरीला सुरुंग लावला तरी चालेल. बायकोच्या गालाला ओठ लागले की झाकण.

वडील गेले आणि झाकण माझ्याकडे आलं. दिवसा मी परळच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो, पण चाळीत माझी खरी ओळख पुठ्ठेवाला हीच. आता मशीन गेलं, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर आला. नको तो भाग आधीच कापता येतो, एक बटण दाबून पुढे ढकलता येतो, हे मला कळतं. पण मान तो मान. शिवाय आताशा मी काम शास्त्रशुद्ध करतो. पिक्चर आठवडाभर आधी घरी बघतो, वहीत मिनिटं टिपतो, आणि मग अध्यक्षांना निकाल देतो. तो निकाल जिन्याखालच्या फळ्यावर लागतो : ‘सहकुटुंब पाहण्यास योग्य.’

यंदा मंडळाच्या पोरांनी गुन्हेगारी कॉमेडी निवडली. दोन भाऊ, दोघेही भुरटे चोर, एका मोठ्या घरावर डोळा ठेवून असतात. घर ज्याच्या नावावर, तो म्हातारा ऐन कागदावर सही करायच्या वेळी खुर्चीत बसल्या बसल्या मरतो. मग हे दोघे त्याला शाल गुंडाळतात, गॉगल घालतात, आणि सरकारी साहेबासमोर त्याचा अंगठा कागदावर उठवायला बघतात. अंगठ्याला शाई लावतात, हात घसरतो. अंगठा साहेबाच्या शर्टावर उठतो, चहाच्या कपावर उठतो, मांजराच्या पाठीवर उठतो, कागद सोडून सगळीकडे उठतो. चार मिनिटं हेच.

मी हसून हसून खुर्चीवरून घसरलो. खोटं कशाला सांगू? वही खाली पडली, चष्मा वहीवर पडला. डोळे पुसून वर बघितलं तर बायको वाटाणे सोलायची थांबलेली.

“झालं?” ती म्हणाली.

“काय झालं?”

“हसून झालं का तुमचं?” तिने परातीतला वाटाणा उचलून परत परातीत टाकला. “अहो, हे वहिनींसमोर लावणार तुम्ही?”

आणि माझं हसू जिथल्या तिथे वाळलं.

वहिनी म्हणजे आमच्या दोन दारं पलीकडची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी कॉलेजात. तिच्या सासऱ्यांना तिनेच शेवटपर्यंत बघितलं. ते आमच्या चाळीचे जुने सेक्रेटरी. जिन्याखालचा फळा तीस वर्षं त्यांनी लिहिला. नळाला पाणी येणार नाही ही सूचनासुद्धा असल्या वळणदार अक्षरात लिहायचे, की पाणी आलं नाही तरी माणूस थांबून वाचायचा. खाली सही, सहीखाली दोन टिंबं. त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि आठ दिवस ते इस्पितळात होते. उजवी बाजू गेलेली. तेराव्यानंतर वहिनीच्या धाकट्या दिराने एक कागद काढला : म्हाताऱ्यांनी राहती खोली आपल्या नावे केली आहे. खाली सही नाही. डाव्या हाताचा अंगठा. तारीख शेवटच्या गुरुवारची.

दीर खालच्याच मजल्यावर राहतो. त्याची स्वतःची खोली आहे, ती वेगळी. चाळ पाडून टॉवर होणार म्हटल्यावर दोन खोल्यांना दोन फ्लॅट, हा सरळ मामला. तो कागद खरा ठरला तर वहिनी आणि तिची मुलगी बाहेर. कागद खोटा आहे म्हणून वहिनीने तक्रार केली आणि वर्षभर ती भोईवाड्याच्या कोर्टात खेपा घालत होती. तिच्या वकिलाचं म्हणणं एवढंच, की त्या गुरुवारी म्हातारे शुद्धीत नव्हते हे सांगणारा घराबाहेरचा एक माणूस पाहिजे.

तो माणूस मी होतो.

त्या गुरुवारी दुपारी शाळेतून सुटून मी बायकोने दिलेली पेज घेऊन इस्पितळात गेलो होतो. म्हातारे डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते. मी हाक मारली, हात हातात घेतला, त्यांच्याच फळ्यावरची एक जुनी गंमत सांगितली. काही नाही. नर्स म्हणाली, सकाळपासून असेच आहेत, पेज देऊ नका. भरलेला डबा तसाच परत आणला. दारात वहिनी भेटली होती. पुढे तिनेच मला विचारलं, “दादा, एवढंच सांगाल का तिथे येऊन?”

मी म्हणालो, “बघतो.”

एक वर्ष मी बघत होतो. म्हणजे काय बघत होतो, ते आजही मला सांगता येणार नाही. दीर रोज जिन्यात भेटतो, कमिटीचा उपाध्यक्ष आहे, गणपतीत माझ्याच शेजारी उभा राहून टाळ वाजवतो. घरगुती भांडणात आपण कशाला, असं मी स्वतःला समजावत होतो. पिक्चरमध्ये कुणाचे ओठ कुणाच्या गालाला कितव्या मिनिटाला लागले ते टिपून ठेवणारा मी, त्या गुरुवारचं मात्र कुठे टिपलं नव्हतं.

शुक्रवारी कमिटीची बैठक झाली. जिन्याखालच्या खोलीत, गणपतीच्या मखराला टेकून आम्ही सात जण. मी वही उघडली.

“बाविसाव्या मिनिटाला शिवी. आवाज बंद करावा. चाळिसाव्या मिनिटाला दारू, पण पिणारा पडतो, म्हणजे बोधप्रद. एक तास अकरा मिनिटांनी थोरला भाऊ बायकोचं चुंबन घेतो. दोन सेकंद.”

“दोन सेकंद?” अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. “म्हणजे भरपूर झाले की हो!”

“लग्नाची बायको आहे.”

“आपल्याला माहीत आहे. पोरांना माहीत आहे का?”

यावर पंचवीस मिनिटं चर्चा. घड्याळ लावून सांगतो. पुठ्ठा एक सेकंद आधी धरायचा की दोन, बाजूने धरायचा की समोरून. एकाने तर प्रात्यक्षिक मागितलं. शेवटी ठरलं, आधी दोन, नंतर एक.

मग मी म्हणालो, “आणि त्याच्या आधीची चार मिनिटं. अंगठ्याचा सीन. तोही झाकावा असं माझं मत आहे.”

सगळ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मखराकडे बघितलं. दिराकडे कुणीच नाही.

दीरच बोलला. अगदी हसतमुखाने. “का रे? शिवी आहे त्यात? नाही. कपडे? म्हातारा गळ्यापर्यंत शालीत आहे. अरे, तोच तर सीन आहे, पोरांच्या मोबाइलवर फिरतोय.”

“का ते तुला माहीत आहे.”

“मला काय माहीत असायचंय? कॉमेडी आहे. कॉमेडी म्हणून बघायची.”

“कुणाच्या फॅमिलीने?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता. कामगार रंगभूमीवर तरुणपणी चार नाटकं केलेला माणूस मी, चढला की गॅलरीपर्यंत जातो. “चाळीतल्या चाळीस फॅमिल्यांना योग्य आणि एका फॅमिलीला नाही, तर फळ्यावर काय लिहिणार? ‘सहकुटुंब पाहण्यास योग्य, खोली नंबर अमुक सोडून’?”

“हे बघा,” अध्यक्ष म्हणाले, “घरगुती बाबतीत कमिटी पडत नाही.”

काय सांगू तुम्हाला, माझ्या अंगाची लाही लाही झाली! नवरा-बायकोने एकमेकांचा मुका घेतला तर कमिटी पडते, दोन सेकंद आधीपासून पडते. शुद्धीत नसलेल्या बापाचा अंगठा वापरून घर लाटलं तर ती घरगुती बाब! मुलांवर वाईट परिणाम होऊ नये म्हणून ही सगळी उठाठेव ना? मग आमच्या चाळीतल्या कुठल्या पोराने मुका घेऊन कुणाला घराबाहेर काढलंय, ते मला दाखवा. वडिलांच्या शास्त्रात चूक होती, हे मला त्या मखरापुढे उभं राहून पहिल्यांदा कळलं. खून बघून पोरं घाबरतात, बरोबर आहे. पण चोरी बघून हसतात. आणि मी तर पोरगाही नव्हतो.

ठराव झाला. मुक्याला पुठ्ठा, अंगठ्याला नाही. सात सह्या. त्यातली एक माझी. बहुमत होतं, आणि इतिवृत्ताच्या वहीवर सगळ्यांनी सही करायची हा म्हाताऱ्यांनीच घालून दिलेला नियम. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, “ठराव गेला चुलीत. त्या चार मिनिटांत मी झाकणार. बघू कोण अडवतो ते.”

चाळीत एका खोलीत बोललेलं दुसऱ्या खोलीत ऐकू जायला भिंतीला कान लागत नाहीत, भिंतच पुरते. सव्वीस तारखेला सकाळी झेंडावंदन झालं आणि मी प्रसादाची केळी सोलत बसलो होतो, तेव्हा वहिनी समोर येऊन बसली. एक केळं उचललं, सोलायला घेतलं.

“दादा, तुम्ही आज झाकणार म्हणे.”

“झाकणारच. माझा मान आहे.”

“झाकू नका.”

मला वाटलं ती भिडेपोटी बोलतेय. मी माझं भाषण सुरू केलं. तिने दुसरं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

“तुम्ही झाकलंत की काय होईल? चार मिनिटं काळोख. आवाज तर येणारच. आणि काळोखात ही सगळी माणसं कुणाकडे बघतील? माझ्याकडे. आता निदान पडद्याकडे बघतील.” तिने केळ्याच्या सारख्या चकत्या केल्या, अगदी शांतपणे. “आणि मला भावोजींचं तोंड बघायचंय. त्याला उजेड लागेल ना?”

तिने हात पुसले आणि उठली. जाताना म्हणाली, “तुम्हाला माझ्यासाठी काही करायचंच असेल, तर ते पुठ्ठ्याने करू नका, दादा.”

तेवढंच. चिडून नाही, रडून नाही. साखर कुठे ठेवलीय सांगावं, तशी. मी पुढची दोन केळी सालीसकट पातेल्यात टाकली.

साडेसातला पिक्चर सुरू झाला. चौक भरलेला, गॅलऱ्या भरलेल्या. पुढे सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्यांवर कमिटी, पहिल्या रांगेत मधोमध उपाध्यक्ष. वहिनी त्याच्या तिरप्या बाजूला, नळाच्या कट्ट्यावर, मांडीवर चण्यांची पुडी. मुलगी शेजारी. मी स्टुलावर, हातात झाकण. माझ्याकडे बघून पोरं आधीच ओरडत होती, “पुठ्ठा कधी? पुठ्ठा कधी?”

बाविसाव्या मिनिटाला आवाज बंद झाला, टाळ्या पडल्या. चाळिसाव्याला दारुड्या पडला, बोध झाला. आणि मग म्हातारा खुर्चीत मेला.

चौक हसायला लागला. शालीला हसला, गॉगलला हसला, पहिला अंगठा साहेबाच्या शर्टावर उठला तेव्हा सतरंजीवरची पोरं अक्षरशः लोळली. दीरही हसला. झाकण माझ्या मांडीला टेकलेलं होतं आणि माझा हात त्याला असा घट्ट धरून होता की दुसऱ्या दिवशी बोटं दुखत होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आमच्या चाळीतली सगळ्यांत जुनी मावशी बसते. मालवणजवळच्या देवबागची. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती मनातलंही मोठ्याने बोलते. पडद्यावर चोराने म्हाताऱ्याचा हात उचलला, शाईत बुडवला, आणि वरून खणखणीत आवाज आला :

“अरे माझ्या देवा! ह्यो पण डावोच आंगठो लावता!”

हसू एकदम तुटलं नाही. तसं नाटकात होतं. हसू खालून वर विझत गेलं. आधी खुर्च्या, मग पहिला मजला, मग दुसरा. फक्त सतरंजीवरची पोरं हसत राहिली, आणि मोठी माणसं गप्प का झाली म्हणून मागे वळून बघायला लागली. मागे पहिल्या रांगेत मधोमध पडद्याचा सगळा उजेड दिराच्या तोंडावर पडलेला होता. पडद्यावर मांजराच्या पाठीवर अंगठा उठला. कुणी हसलं नाही.

दीर उभा राहिला. माझ्याकडे वळून ओरडला, “पुठ्ठा! अरे बघतोस काय, पुठ्ठा टाक!”

तीस वर्षांत त्या चौकात हजार वेळा ती आरोळी ऐकलीय. एकदाही इतकी मनापासून कुणी मारली नव्हती. मी झाकण छातीशी धरलं, रंगमंचावर धरतात तसं, आणि जागचा हललो नाही. ठराव होता. सात सह्यांचा.

नळाच्या कट्ट्यावरून वहिनीचा आवाज आला. चणे खात खातच.

“बसा भावोजी. कॉमेडी आहे.”

तो बसला नाही. खुर्च्यांमधून वाट काढत जिन्याकडे गेला, आणि त्याची सावली पडद्यावरून, मेलेल्या म्हाताऱ्याच्या अंगावरून, आडवी गेली. वहिनी त्याच्याकडे बघत होती. मी वहिनीकडे बघत होतो. बघता बघता पडद्यावर चोरांचा अंगठा अखेर कागदावर उठला, थोरला भाऊ आनंदाने नाचला, त्याने बायकोला जवळ ओढलं, आणि आमच्या चाळीच्या इतिहासात पहिल्यांदा दोन सेकंदांचं संपूर्ण चुंबन उघड्या भिंगातून लहानथोरांनी पाहिलं.

पिक्चर संपल्यावर मी पडदा सोडवायला थांबलो नाही. दोन दारं पलीकडे गेलो. वहिनी कुलूप काढत होती.

“तारीख कधी आहे?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे न बघता सांगितलं. मग दार उघडून म्हणाली, “परत बघतो म्हणू नका हं.”

पुढच्या महिन्यात मी शाळेतून रजा घेतली आणि भोईवाड्याला गेलो. कोर्टाबाहेरच्या बाकावर वहिनी, तिची मुलगी आणि मी. बायकोने डबा दिला होता. उघडला तर पेज. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. त्या गुरुवारी मी काय बघितलं, ते मी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत होतो : उघडे डोळे, छत, परत आणलेला डबा. कुठेही नाट्य आणायचं नाही, असं मी स्वतःला दहादा बजावलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. अध्यक्ष.

“कमिटीची तातडीची बैठक झाली,” ते म्हणाले. “त्या पिक्चरबद्दल पाच लेखी तक्रारी आल्यात.”

मला बरं वाटलं, खरंच सांगतो. म्हटलं, उशिरा का होईना, लोकांना लाज वाटली. “अंगठ्याबद्दल?”

“कसला अंगठा? मुका! दोन सेकंद उघडा! पोरांसमोर! तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. पुढच्या वर्षीपासून पुठ्ठा दुसऱ्या कुणाकडे द्यावा, असं कमिटीचं मत पडलंय.”

मी काहीतरी जळजळीत बोलणार होतो. वाक्य तयार होतं, आवाजही चढला होता. पण आतून पट्टेवाला बाहेर आला आणि त्याने माझं नाव पुकारलं. मी फोन बंद करून वहिनीच्या मुलीच्या हातात दिला, पेजेचा डबा बाकावर ठेवला, आणि उठलो.